वाटेत गाडी अडली तर

मैत्रिणींनो, गेल्या दिवाळीनंतर पाथर्डीला जाताना करंजी घाटात आमची गाडी तापून बंद पडली. धाकटी रडू लागली. ‘हे’ रेडिएटरचं झाकण उघडणार, तोच मागून आवाज आला, “दादा, हात नगा लावू, वाफ तोंडावर येईल!”

ऊसतोडीला निघालेलं कुटुंब होतं. त्यांच्या ट्रॉलीचा टायर फुटला होता. आत भांडी, अंथरुणं, कोंबड्या. पाच-सहा महिन्यांचा अख्खा संसार! चाकांना दगड लावून बाईनं कडेला चूल पेटवली होती. “घर अडलं म्हणून लेकरांची भूक थांबती व्हय?” म्हणत तिनं माझ्या लेकीच्या हातावर भाकरी ठेवली.

तेव्हापासून गाडीत पाणी, दशम्या, बॅटरी, चादर आणि औषधं असतातच. गाडी कडेला घ्या, चाकांना दगड लावा, धोक्याचा त्रिकोण मागे ठेवा. मुलांना वाहनांच्या बाजूनं उतरवू नका. इंजिन पुरतं निवल्याशिवाय झाकण उघडू नका. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, संकटात ११२ फिरवा.

आणि दशम्या दोन जास्तच घ्या, बरं का! वाटेत कुणाचं घर अडलेलं असेल, सांगता येत नाही.