दर्याचा मान, वाटेचे भान

श्रावणातली पौर्णिमा आली की आपल्या किनाऱ्यावर नव्या वर्षाचीच चाहूल लागते. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतचे कोळीवाडे सजतात, सोनेरी वेष्टनातला नारळ वाजतगाजत बंदरावर येतो, घरोघरी नारळीभाताचा दरवळ सुटतो आणि खवळलेल्या दर्याला शांत होण्याची विनवणी करून तो नारळ त्याच्या ओटीत घातला जातो. मासेमारीवरची सरकारी बंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवसांची. पण कागदोपत्री ती उठली तरी दर्याची पूजा झाल्यावाचून होडी लोटायची नाही, हा नेम कित्येक घरांत आजही पाळला जातो. डागडुजी झालेली, नवा रंग ल्यालेली बोट बर्फ आणि डिझेल भरून निघते, तेव्हा काठावरचे हात जोडलेलेच असतात.

ते हात वादळवाऱ्यासाठी जोडलेले असतात. पण दर्यावरचा धोका आता केवळ वाऱ्यालाटांचा उरलेला नाही. मुंबई आणि न्हावाशेव्याकडे येणारी अजस्र कंटेनर जहाजे, बॉम्बे हायच्या तेलविहिरींना रसद नेणाऱ्या नौका, मांडव्याच्या आणि घारापुरीच्या प्रवासी बोटी, नौदलाची जहाजे आणि या साऱ्यांच्या मधून जाळे ओढत जाणारा आपला ट्रॉलर, अशी ही गर्दी आहे. उद्या वाढवणचे बंदर उभे राहिले की ती आणखी वाढेल. म्हणूनच हंगामाच्या या उंबरठ्यावर, समुद्रात जहाजांनी एकमेकांवर आदळू नये म्हणून जगाने केलेल्या नियमांची उजळणी करणे अगत्याचे वाटते.

वाफेची जहाजे वाऱ्याची पर्वा न करता धावू लागली, तेव्हाच या नियमांची निकड भासली. १८४० मध्ये लंडनच्या ट्रिनिटी हाउसने काही नियम घालून दिले, १८८९ मध्ये वॉशिंग्टनला अनेक राष्ट्रे त्यासाठी एकत्र बसली आणि २० ऑक्टोबर १९७२ रोजी लंडनमध्ये स्वीकारलेले, १५ जुलै १९७७ पासून अमलात आलेले नियम आज साऱ्या जगाचे झाले आहेत. डाव्या कुशीला तांबडा दिवा, उजव्या कुशीला हिरवा, मागे पांढरा. जाळे ओढणाऱ्या ट्रॉलरने हिरव्यावर पांढरा दिवा लावायचा, इतर तऱ्हेने मासेमारी करणाऱ्याने तांबड्यावर पांढरा. भोंगा एकदा तोकडा वाजला तर जहाज उजवीकडे वळते आहे, दोनदा वाजला तर डावीकडे. एकमेकांची भाषा न जाणणारे दोन तांडेल अंधारात एकमेकांचे मनोगत ओळखतात ते एवढ्या खुणांवर.

धोका ओळखण्याची रीतही किती साधी! दूरवर एक दिवा दिसला की होकायंत्रावरून त्याची दिशा पाहून ठेवायची. काही मिनिटांनी पुन्हा पाहायची. दिवा जवळ येतो आहे आणि दिशा मात्र जागची हलत नाही, तर टक्कर ठरलेली समजावी आणि वेळ असतानाच, समोरच्याच्या ध्यानात येईल असे ठळक वळण घ्यावे. समोरासमोर आलेल्या यांत्रिक जहाजांनी दोघांनीही उजवीकडे वळावे. वाटा एकमेकींना छेदत असतील, तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरे जहाज आहे त्याने वाट द्यावी.

आणि ज्याला वाट मिळते, त्याचे काय? या नियमांचे शहाणपण इथेच दिसते. त्यालाही ते मोकळे सोडत नाहीत. त्याने आपली दिशा आणि वेग कायम राखायचा, म्हणजे दुसऱ्याला अंदाज बांधता येतो. डोळ्यांत तेल घालून पाहत राहायचे. आणि समोरचा वळत नाही, आता त्याच्या एकट्याच्या वळण्याने अनर्थ टळणार नाही असे दिसले, की स्वतः हालचाल करायचीच. मासेमारी करणाऱ्या नौकेला यांत्रिक जहाजाने वाट द्यावी हे खरे. पण पहारा ठेवण्यातून तिचीही सुटका नाही. इतकेच नव्हे, तर खलाशांच्या नित्याच्या रिवाजाने जी खबरदारी घ्यायला हवी ती घेतली नाही, तर नियमावर बोट ठेवून कोणाला सुटता येणार नाही, असे हे नियमच बजावतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या दर्यावर्दी शहाणपणाला कायद्याने दिलेला हा मान आहे.

हे भान सुटले की काय होते, ते आपण पाहिले आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ ही जहाजे एकमेकांवर आदळली. कंटेनर पाण्यावर तरंगत राहिले, किनाऱ्याला तेलाचा तवंग लागला आणि बंदराची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. एप्रिल २०२१ मध्ये मंगळूरच्या खोल समुद्रात एका मालवाहू जहाजाची आणि बेपूरच्या मच्छीमार बोटीची टक्कर झाली, तेव्हा बोटीवरच्या १४ जणांपैकी दोघेच वाचल्याचे आढळले. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची वेगवान बोट आदळली आणि १५ जीव गेले. चूक कोणाची, हे चौकशीत ठरते. गेलेला माणूस मात्र त्या निकालाने परत येत नाही.

किनाऱ्यावरच्या आपल्या व्यवहारातही हक्कांची मोजदाद मोठी आणि कर्तव्यांची टिपणे अपुरी असतात. दर्याचा कायदा मात्र वाट देणारा आणि वाट मिळणारा अशा दोघांच्याही पदरात कर्तव्यच घालतो, हे आपण सर्वांनी मनावर घेण्याजोगे आहे.

तेव्हा या पौर्णिमेला पूजेच्या तयारीबरोबर बोटीवरचे दिवेही तपासून घेऊ या. कामासाठी लावलेल्या प्रखर झोतांत तांबडा-हिरवा दिवा बुडून जात नाही ना, हे पाहू या. लाकडी बोट रडारवर नीट उमटत नाही, हे ओळखून ओळख सांगणारी यंत्रे बसवू आणि ती चालू ठेवू या. सरकारने हे नियम मराठीतून, कोळीवाड्यांत जाऊन शिकवावेत. मोठ्या जहाजांच्या कप्तानांनी आमच्या किनाऱ्यालगत येताना लहान दिव्यांचीही दखल घ्यावी. प्रवासी बोटीत बसणाऱ्या आपण लाइफ जॅकेट घालायला कंटाळू नये. आणि प्रत्येक नाखव्याला एवढीच विनंती, की जाळे टाकून सारे थकून आडवे झाले तरी रात्रभर एक जण पहाऱ्याला जागा ठेवावा. जहाजाने पाहण्या-ऐकण्याचा पहारा सदैव ठेवला पाहिजे, असे पाचवा नियम सांगतो. आणि त्या नियमाला कोणत्याही बोटीसाठी अपवाद नाही.