पाहणें आणि ऐकणें

गेल्या फेब्रुवारींत एका रविवारीं आमच्या घरीं इंडियन डर्बीवरून लहानसा वाद झाला. शर्यतीचें नांव निघतांच कांहीं वाचक नाक मुरडतील, म्हणून आरंभींच सांगून टाकतों कीं, आम्ही घोड्यावर कवडीहि लावीत नाहीं. परंतु उमदें जनावर भरधाव धांवतांना पाहणें हा निर्मळ आनंद आहे, आणि तो घेण्यास आमची ना नाहीं.

मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर सन १९४३ मध्यें सुरू झालेली ही शर्यत २४०० मीटरांची. म्हणजे सारा खेळ अडीच मिनिटांच्या आंतबाहेर. ती घरच्या पडद्यावर आम्ही पाहूं लागलों, तों आमच्या पुतण्यानें आवाजच बंद केला. "त्या निवेदकाच्या गडबडींत नुसतीं नांवें ऐकूं येतात, घोडा दिसतच नाहीं," असें त्याचें म्हणणें. आणि तें आम्हांला पटलेंहि. आवाज थांबला तशी दृष्टि मोकळी झाली. हात स्थिर ठेवून योग्य क्षणाची वाट पाहणारा स्वार, मागून येणाऱ्या घोड्याची लांबत जाणारी टाप, दमलेल्या घोड्याची वर उचलली जाणारी मान, हें सारें आम्हांला प्रथमच नीट दिसलें.

इतक्यांत कोपऱ्यांतल्या खुर्चीवरून आमचे काका, अप्पा, म्हणाले, "अरे, पुढें कोण आहे?"

अप्पांची दृष्टि काचबिंदूनें गेली आहे. आमच्या आनंदाच्या भरांत आम्ही तें साफ विसरलों होतों! पुतण्या ओशाळला, आम्हीहि.

ध्वनि आहे पण वर्णन नाहीं, असा प्रयोग पूर्वीं एकदां इंग्लंडांत झालेला आहे. सन १९२६ मध्यें एप्समची डर्बी नभोवाणीवरून ऐकविण्यांत आली. परंतु वृत्तपत्रांच्या हितासाठीं घातलेल्या निर्बंधांमुळें वर्णन करण्यास मनाई होती. श्रोत्यांनीं टापांचा आवाज तेवढा ऐकावा! त्या दिवशीं पाऊस पडला, चिखल झाला, आणि टापाहि ऐकूं आल्या नाहींत. पुढील वर्षीं ग्रँड नॅशनलचें धांवतें समालोचन प्रथम झालें, तेव्हां कोठें घरीं बसलेल्यांस शर्यत 'दिसली.'

म्हणून निवेदकाचा शब्द प्रमाण मानावा काय? तसेंहि नाहीं. सन १९४७ च्या प्रीकनेस शर्यतींत क्लेम मॅकार्थी या अमेरिकेंतील नामांकित निवेदकाला गर्दीमुळें घोडे क्षणभर दिसेनासे झाले, आणि त्यानें 'फॉल्टलेस'ऐवजीं 'जेट पायलट' जिंकल्याचें सांगितलें. चूक त्यानें लगेच कबूल केली, हें त्याला भूषणावह. उलट सन १९६७ च्या ग्रँड नॅशनलमध्यें तेविसाव्या अडथळ्यापाशीं घोड्यांची एकच चेंगराचेंगर झाली असतां, त्यांतून निसटणाऱ्या, कोणाच्या ध्यानींमनींहि नसलेल्या 'फॉइनाव्हन'ला मायकेल ओ'हेहिर यांनीं अचूक ओळखलें. निवेदक हाहि शेवटीं आपल्यासारखाच डोळ्यांनीं पाहणारा मनुष्य. फरक इतकाच कीं, प्रत्येक स्वाराच्या पोषाखाचे रंग त्यानें आधीं पाठ केलेले असतात.

आणि दोष ऐकणाऱ्याचाहि असतो. संजयानें दोन्ही सैन्यांची हकीकत सांगितली. धृतराष्ट्राचा जीव मात्र आपल्याच पुत्रांत गुंतलेला. घोड्यावर पैसे लावणाऱ्याचेंहि तसेंच. निवेदक सगळ्यांचीं नांवें घेतो, याला एकच ऐकूं येतें.

असो. त्या सायंकाळीं पुतण्यानें तीच शर्यत पुन्हां लावली. आवाज बंदच ठेवला आणि अप्पांच्या शेजारीं बसून स्वतः सांगूं लागला. दोन वाक्यांतच तो अडखळला. अप्पा विचारीत, "तिसरा कोण? तो बाहेरच्या बाजूनें कां येतो आहे? आंत वाट नाहीं काय?" पुतण्याला उत्तर देतां येईना. मग त्यानें तीच शर्यत आणखी दोनदां लावली, आणि पूर्वीं न दिसलेलें बरेंच कांहीं त्याला दिसलें.

आपल्याला दिसतें म्हणून आपण पाहतोंच असें नाहीं. दुसऱ्यासाठीं पाहावयाचें ठरलें, म्हणजे मात्र नीट पाहावें लागतें. पुढच्या डर्बीला आवाज ठेवावा कीं नाहीं, हा प्रश्न आमच्या घरीं आतां उरलेला नाहीं. अप्पांनीं पुतण्याला सगळ्या स्वारांचे रंग पाठ करून येण्यास बजाविलें आहे.