पर्यटन जिल्हा आणि कुलूपबंद घरे

सिंधुदुर्ग १९९७ साली 'पर्यटन जिल्हा' म्हणून घोषित झाला आणि पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. आता कोकणचे भाग्य उजळणार, अशी भाषणे त्या काळात गावोगाव झाली. प्रत्यक्षात काय घडले? २००१ च्या जनगणनेत ८,६८,८२५ असलेली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये ८,४९,६५१ वर आली. सारा महाराष्ट्र वाढत असताना हा जिल्हा दहा वर्षांत एकोणीस हजारांनी घटला. पर्यटनामुळे माणसे गेली, असे कोणी म्हणणार नाही; पण ज्या उद्योगाने तरुणाला गावी थांबवायचे होते, त्याला ते साधले नाही, एवढे तरी मान्य करावे लागेल.

याचे कारण निधीच्या कमतरतेत शोधण्याची सरकारी सवय आहे. खरा दोष कल्पनेत आहे. पर्यटन म्हणजे पंचतारांकित हॉटेल, विमानतळ आणि परदेशी पाहुणा, हे समीकरण आमच्या नियोजनकर्त्यांच्या डोक्यातून जात नाही. शिरोडा-वेळागरला अशाच एका प्रकल्पासाठी १९९० च्या दशकात जमीन संपादित झाली. पुढे एक पिढी वादात गेली. चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला, पण विमानसेवेचे सातत्य टिकले नाही आणि २०२३ च्या आरंभी सीमेपलीकडे मोपा सुरू होताच प्रवासी तिकडे वळला. गोव्याची नक्कल करणाऱ्याने गोवा शेजारीच आहे, हे विसरू नये.

पाहुण्याने खर्चलेला रुपया कुठे जातो, हा या अर्थकारणातला मूळ प्रश्न आहे. मोठ्या हॉटेलात तो नफा म्हणून महानगरात, आरक्षणाचे कमिशन म्हणून दलालाकडे आणि पगार म्हणून बाहेरून आलेल्या व्यवस्थापकाकडे जातो. ज्याच्या जमिनीवर हॉटेल उभे राहिले, त्याच्या मुलाला फाटकावरची शिटी मिळते. तारकर्ली-देवबागच्या घरगुती निवासात तोच रुपया रापणीवरच्या मासळीला, परसातल्या नारळाला, कोकमाच्या आगळाला, होडीवाल्याला आणि रिक्षावाल्याला स्पर्श करून मगच गावाबाहेर पडतो. पण इथेही स्वतःची फसवणूक नको. त्या घरातली भाजी बहुधा बेळगावची असते आणि दूध घाटावरचे. म्हणजे न्याहारी-निवासाची पाटी लावून काम संपत नाही. मळा, गोठा, काजूप्रक्रिया आणि होडीची दुरुस्ती ही सारी त्याच साखळीची कडी आहेत. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ मध्ये मुंबईच्या व्याख्यानांतून मांडलेल्या विकेंद्रित अर्थरचनेचा इतका सरळ प्रयोग अन्यत्र क्वचितच सापडेल.

मग तो होत का नाही? सिंधुदुर्गात भांडवल आहे. ते कुलूपबंद आहे. चिरेबंदी घर, माडाची बाग, विहीर, समोर समुद्र किंवा खाडी, आणि दाराला कुलूप. सातबारा काढावा तर त्यावर आजोबांच्या भावंडांपासूनची नावे. निम्मे परळ-लालबागेत, काही डोंबिवलीत, काही दिवंगत. अशा घरावर बँक कर्ज देत नाही. एका भावाला गावी राहून चार खोल्या काढायच्या असतील तर वीस सह्या हव्यात. त्या मिळत नाहीत. मात्र बाहेरचा गुंतवणूकदार रोख घेऊन आला, की त्याच वीस सह्या महिनाभरात जमतात! आंबोली, चौकूळ, गेळे येथे तर कबुलायतदार-गावकर जमिनींचा प्रश्न दशकानुदशके लोंबकळत राहिला. पावसाळ्यात धबधब्यावर लोटणारी गर्दी घरून जेवण आणते, बाटल्या टाकून जाते. गावाच्या हाती उरतो तो कचरा.

संस्कृतीच्या बाबतीतही हाच दृष्टिदोष आहे. दशावतार हा देवळाच्या जत्रेत रात्रभर रंगणारा खेळ. त्याला हॉटेलच्या हिरवळीवर अर्ध्या तासाचा तुकडा करून उभे करणे म्हणजे विकास नव्हे. पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी, सावंतवाडीची गंजिफा आणि लाकडी खेळणी यांना बक्षिसी नको, गिऱ्हाईक हवे. जुलै २०२५ मध्ये सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग जागतिक वारसा यादीत गेले. शिवराजेश्वराचे दर्शन घेऊन दुपारी गोव्याकडे निघणाऱ्या पाहुण्याला आणखी दोन रात्री थांबवणे, हे आता खरे काम. आणि मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित कुटुंबांनीही आरशात पाहावे: कळंगुटच्या हॉटेलात निमूट बिल भरणारा गृहस्थ मालवणच्या मावशीशी माशाच्या ताटावरून घासाघीस करतो.

सरकारला खरोखर काही करायचे असेल तर एक साधा उपाय समोर आहे. चतुर्थीला सारे सहहिस्सेदार त्याच घरात, त्याच गणपतीसमोर एकत्र येतात. वर्षातून एवढाच एक आठवडा. त्या आठवड्यात तहसीलदार आणि तलाठी गावात बसावेत, वारसनोंदी व्हाव्यात, महसूल संहितेच्या कलम ८५ खाली सहमतीचे वाटप व्हावे, आणि ज्याला गावी राहायचे आहे त्याच्या हाती स्वच्छ सातबारा पडावा. आज नेमक्या त्याच दिवसांत कार्यालय ओस असते. कारण तलाठीही आपल्या गावी गणपतीला गेलेला असतो.