पावणेदोन भागिले अर्धा

गणिताचा पिच्छा सुटावा म्हणून कला शाखा घेतलेली मुलगी बारावीनंतर डी.एल.एड.ला (प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेला) येते आणि सराव पाठासाठी तिच्या वाट्याला नेमकी हातच्याची वजाबाकी येते. पाठ टाचण सुबक लिहून होतं, तक्ताही रंगतो. पण एखाद्या पोराने ‘शेजारून दहाच का उसने घ्यायचे?’ असं विचारलं तर काय सांगायचं, या धास्तीने तिची झोप उडते. अशा मुलामुलींना ‘आत्मविश्वास बाळगा’ असं सांगून फारसं काही साधत नाही. त्यांच्या भीतीला कारण आहे: त्यांना रीत शिकवली गेली, रीतीमागचं कारण कधी कुणी सांगितलंच नाही.

गणितशिक्षणाच्या अभ्यासक लिपिंग मा यांनी १९९९च्या आपल्या पुस्तकात अमेरिका आणि चीनमधल्या प्राथमिक शिक्षकांना विचारलेला एक प्रश्न दिला आहे. पावणेदोन भागिले अर्धा किती? अमेरिकेतल्या २३ पैकी फक्त नऊ जणांचं उत्तर पूर्ण बरोबर आलं, चीनमधल्या ७२च्या ७२ जणांचं आलं. मग या भागाकारावर शाब्दिक उदाहरण रचायला सांगितलं, तेव्हा अमेरिकेतले अनेक जण दोन जणांत वाटणी करून मोकळे झाले. अर्ध्याने भागणं आणि अर्धं करणं यांतला फरकच निसटला. आणि शिकलेले जास्त कोण, तर अमेरिकेतले! चिनी शिक्षकांचं शिक्षण बहुधा नववीपर्यंतची शाळा आणि वर दोन-तीन वर्षांचं अध्यापक विद्यालय, एवढंच होतं.

मराठीत तर हा प्रश्न दुधाच्या पिशवीएवढा सोपा आहे. पावणेदोन लिटर दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशव्या किती? तीन भरतात, पाव लिटर उरतं, म्हणजे आणखी अर्धी पिशवी. साडेतीन. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी घोकणाऱ्या पिढीला भाजक उलटा करून गुणायचा नियम लागलाही नसता. (घोकंपट्टीचं कौतुक नको, पण ते शब्द बाजारातल्या मापांना चिकटलेले होते, एवढं खरं.)

शिक्षकाची भीती त्याच्यापुरती राहत नाही, ही खरी अडचण. तेव्हा शिकागो विद्यापीठात असलेल्या मानसशास्त्रज्ञ सियान बायलॉक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पहिली-दुसरीच्या १७ शिक्षिका आणि त्यांचे विद्यार्थी अभ्यासले. वर्षाच्या सुरुवातीला शिक्षिकेची धास्ती आणि मुलांची गणितातली गती यांचा संबंध दिसला नव्हता. वर्षाअखेरीस मात्र धास्तावलेल्या बाईंच्या वर्गातल्या मुली मागे पडल्या होत्या. मुलग्यांवर तसा परिणाम आढळला नाही.

आपल्याकडे २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘त्रेपन्न’सोबत ‘पन्नास तीन’ आलं, तेव्हा ते तयार करणाऱ्या, गणितज्ञ मंगला नारळीकरांच्या समितीवर केवढी टीका झाली. लिहिताना पाच आधी आणि बोलताना तीन आधी, यात लहान मूल अडखळतं, ही साधी गोष्ट विनोदांच्या गदारोळात बुडाली. पुस्तकातल्या शब्दांवर इतकी चर्चा झाली, पण ते पुस्तक हातात घेणाऱ्या शिक्षकाला हे अडखळणं कळतं का, हे फारसं कुणी विचारलं नाही.

म्हणून अध्यापक विद्यालयांनी ‘अध्यापन पद्धती’कडे वळण्याआधी पहिले दोन महिने पहिली ते पाचवीचं गणितच पुन्हा करून घ्यावं, तेही साहित्य हातात देऊन आणि गुणांची टांगती तलवार न ठेवता. वेळ नाही, अभ्यासक्रम मोठा आहे, ही सबब ऐकू येईलच. त्यासाठी दोन-चार तक्ते कमी रंगवले तरी चालतील.

त्या मुलीसमोर दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे ठेवावेत आणि दोन सुट्या काड्या. बावन्नातून सत्तावीस काढायला सांगावं. दोन गठ्ठे ती सहज बाजूला करते, मग सातसाठी हात थबकतो. सुट्या तर दोनच. जरा वेळाने ती एका गठ्ठ्याचं रबर काढते. टेबलावर आता बारा काड्या सुट्या पसरलेल्या असतात, आणि शेजारून आलेले ते दहा कुठले, हे विचारायला आता कोणी पोरगा लागत नाही.