बाळंतीण पळते, तर तुमचं काय जातं?

बाळंतीण शेतात राबली तर कुणी काही म्हणत नाही. धुण्याचा ढीग उपसला, पाण्याचे हंडे वाहिले, सणावाराला पंचवीस माणसांचा स्वयंपाक रांधला तर उलट कौतुकच होतं. "हिला बाई बाळंतपण जाणवलंच नाही हो!" पण तीच बाई पायात बूट घालून पळायला निघू दे... कुणाचं काम करायला नाही, कुणाच्या पोटासाठी नाही, नुसतं आपल्याला बरं वाटतं म्हणून... की सगळ्यांना एकदम तिच्या तब्येतीची काळजी लागते.

ह्या काळजीबद्दलच आज लिहायचं आहे. थोडं तिखट लागेल. आमचे बरेच नातेवाईक हे पान वाचतात हे मला ठाऊक आहे. वाचावंच त्यांनी!

निमित्त आमच्या एका भाचसुनेचं. लग्नाआधीपासून पळते. एकवीस किलोमीटरच्या शर्यती केल्या आहेत. बाळ पाच महिन्यांचं झाल्यावर, डॉक्टरांना विचारून, तिने दिवसाआड अर्धा तास पुन्हा सुरुवात केली. बाळाच्या उष्टावणाला सगळे जमलो तर पंगतीत विषय हाच. "दूध आटेल." "गर्भाशय खाली येतं म्हणे." "आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं." आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य, "एवढीच हौस होती तर मूल कशाला होऊ दिलं?"

बाळाचे वडील त्याच पंगतीत जेवत होते. ते रोज सकाळी दीड तास जिमला जातात. बाळ तीन आठवड्यांचं होतं तेव्हाही जात होते. त्यांना मात्र कुणी विचारलं नाही, बाबा रे, हौस होती तर मूल कशाला? बाप घाम गाळतो तो फिटनेस, आई गाळते ती हौस. हा कुठला हिशोब?

आता एकेक मुद्दा घेऊ. मास्तरकीची सवय आहे, क्रमाने गेलेलं बरं.

पहिलं दूध. १९९४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' ह्या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. अभ्यास छोटा, ३३ बायकांचा, पण नीट केलेला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यातल्या काहींना दम लागेल असा व्यायाम सुरू करायला लावला. दिवसाला ४५ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, असे बारा आठवडे. बाकीच्यांनी व्यायाम केला नाही. शेवटी दूध मोजलं, दुधातले घटक तपासले, बाळांची वजनं पाहिली. दोन्ही गटांत फरक नव्हता. व्यायामाने दूध आटलं नाही. आता जी आई पोटभर जेवत नाही, पाणी पीत नाही, रात्रभर जागते, तिचं काय होईल हा प्रश्न वेगळा. पण मग त्याचा उपाय तिला जेवू घालणं आणि रात्री दोन तास बाळ सांभाळणं हा आहे. तो आपल्या हातातला आहे ना? मग तिथे आपण गप्प का?

दुसरं, अंग खाली येण्याची भीती. ह्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच ती नीट समजून घ्यायला हवी. नऊ महिने ओझं पेलून ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणलेले असतात. पोटाचे स्नायू मधून फाकलेले असतात. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. ब्रिटनमधल्या काही फिजिओथेरपिस्टांनी २०१९ साली ह्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सांगणं साधं आहे. पहिले तीन महिने पळू नये. आधी चालावं, तळाच्या स्नायूंचे व्यायाम करावेत, ताकद आणावी. तीन महिन्यांनंतरही शिंकताना, खोकताना, पळताना लघवी सुटत असेल, खाली जड जड वाटत असेल, तर थांबून तज्ज्ञांना दाखवावं.

आता मला सांगा, आपल्या घरांतल्या किती बायका खोकताना लघवी सुटते म्हणून वर्षानुवर्षं मुकाट बसल्या आहेत? किती जणींचं अंग बाहेर येतं आणि त्या कुणाला सांगत नाहीत? त्यातली एक तरी मॅरेथॉन पळली होती का? वेळेवर विश्रांती नाही, तपासणी नाही, विचारणारं कुणी नाही, आणि लाज! पळणारी निदान हे व्यायाम शिकते आणि डॉक्टरांकडे जाऊन मोकळेपणाने विचारते. काळजी करायचीच तर न विचारणाऱ्यांची करा.

बाईच्या शरीराच्या काळजीतून तिला मैदानाबाहेर ठेवण्याची रीत आपलीच नाही, जगाची आहे. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत झाली. बायका शेवटी दमलेल्या दिसल्या म्हणून गदारोळ उठला, आणि ती शर्यत काढून टाकली ती थेट १९६० पर्यंत. (शर्यत संपल्यावर पुरुष दमत नसावेत बहुतेक!) बायकांची मॅरेथॉन तर ऑलिंपिकमध्ये आली १९८४ साली. त्याच सुमारास नॉर्वेची इन्ग्रिड क्रिस्टियानसेन पळत होती. तिला १९८३ मध्ये मूल झालं आणि १९८५ मध्ये तिने लंडनला २ तास २१ मिनिटं ६ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. केनियाची फेथ किपयेगॉन २०१८ मध्ये आई झाली, आणि त्यानंतर टोकियो आणि पॅरिस अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरचं सुवर्णपदक घेऊन आली. गर्भाशय काही कुणाचं रस्त्यात पडलं नाही.

तिसरा मुद्दा "आमच्या वेळी". आमच्या वेळी सव्वा महिना होता. शेक-शेगडी होती, हळिवाचे लाडू होते, डिंकाचे लाडू होते, अंगाला तेल लावणारी बाई होती. मी त्याची थट्टा करणार नाही. सव्वा महिना ही फार शहाणी गोष्ट होती. आपल्या १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यानेही बाळंतपणानंतर सहा आठवडे बाईला कामावर ठेवायला मनाई केली होती. सव्वा महिना आणि सहा आठवडे, जवळपास एकच की! पण सव्वा महिना हा तिचा विश्रांतीचा हक्क होता. पुढची दहा वर्षं घरात बसण्याची शिक्षा नव्हती. आणि तो हक्क तरी कुणाला मिळाला? ज्या घरात पाणी भरायला दुसरं माणूस होतं, तिथेच.

बीडकडच्या ऊसतोड मजुरांचंच घ्या. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', उचल आधीच घेतलेली, एक खाडा झाला की पैसे कापणार. तिथली बाई बाळंत होऊन थोड्याच दिवसांत पुन्हा उसाची मोळी डोक्यावर घेते. २०१९ साली सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली! तेव्हा आपल्या किती पंगतींत बाळंतिणीच्या तब्येतीची चर्चा झाली? साखर मात्र आपण सगळ्यांनी खाल्ली.

म्हणून म्हणते, आपली हरकत श्रमाला नाही. बाईने दुसऱ्यासाठी शरीर झिजवलं की ते पुण्य, स्वतःसाठी वापरलं की ते पाप, हे आपलं खरं म्हणणं आहे. तब्येतीचं नाव पुढे करतो इतकंच.

हे फार लवकर सुरू होतं. शाळेत इतकी वर्षं पाहिलं. सातवीपर्यंत मुलांच्या पुढे पळणाऱ्या पोरी नववीत मैदानाच्या कडेला दप्तरं सांभाळत बसलेल्या. कुणी त्यांना "पळू नकोस" असं उघड सांगितलेलं नसतं. "आता मोठी झालीस" एवढंच सांगितलेलं असतं. त्यातून एखादी तिशीपर्यंत पळत राहिली, तर "आता आई झालीस" हे वाक्य तयारच असतं.

आता दुसऱ्या बाजूलाही चार शब्द. कारण टाळ्या वाजवणारेही मला तितकेच खटकतात.

२०१८ साली एक छायाचित्र जगभर फिरलं. आल्प्समध्ये माँ ब्लां डोंगराभोवती फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंडमधून जाणारी सुमारे १७० किलोमीटरची शर्यत असते. सोफी पॉवर नावाची ब्रिटिश बाई त्यात पळत होती. वाटेत कूर्मायर गावातल्या थांब्यावर ती तीन महिन्यांच्या बाळाला पाजते आहे आणि दुसऱ्या स्तनातलं दूध पंपाने काढते आहे, असं ते चित्र. लोकांनी तिला 'सुपरमॉम' करून टाकलं. व्हॉट्सॲपवर अजूनही महिला दिनाला ते चित्र येतं, खाली 'नारीशक्ती' असं लिहून.

पण ती तीन महिन्यांत का पळाली, हे कुणी वाचलं? ह्या शर्यतीत प्रवेश मिळणं दुर्मीळ. पायाला दुखापत झाली तर प्रवेश पुढच्या वर्षी नेता येत होता, गरोदर असाल तर नाही! पळा नाहीतर जागा सोडा. ते चित्र म्हणजे एका अन्यायी नियमाचा पुरावा होता, आणि आपण त्यावर हार घातला. तिने मात्र टाळ्यांवर समाधान मानलं नाही. बायकांना शर्यतींत न्याय्य वागणूक मिळावी म्हणून २०२२ मध्ये तिने संस्था काढली. आज लंडन मॅरेथॉनसारख्या मोठ्या शर्यतीत गरोदर बाईला प्रवेश पुढे नेता येतो. हे बदल टाळ्यांनी झालेले नाहीत, भांडून झाले आहेत.

पॉला रॅडक्लिफचंही तसंच. जानेवारी २००७ मध्ये मुलगी झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिने न्यू यॉर्क मॅरेथॉन जिंकली. लेकीला कडेवर घेतलेले फोटो सगळ्यांनी छापले. मधल्या काळात घाई झाल्यामुळे तिच्या माकडहाडाच्या वरच्या हाडाला बारीक चीर गेली होती, ते किती जणांना माहीत आहे? आणि अमेरिकेची कारा गाउचर २०१० मध्ये आई झाली, सात महिन्यांत बॉस्टनला पळाली. का? शर्यत पळेपर्यंत पैसे मिळणार नाहीत असं नायकी कंपनीचं धोरण होतं, हे तिने आणि इतर धावपटूंनी २०१९ मध्ये जाहीर सांगितलं. आरडाओरडा झाल्यावर कंपनीने करार बदलले, तेव्हा कुठे बाळंतपणासाठी अठरा महिने पैसे न कापण्याची हमी आली.

म्हणजे पहा, एकीकडे "घरी बस" म्हणणारे, दुसरीकडे "सहा आठवड्यांत पूर्वीसारखी हो" म्हणणारे. दोघांचं भांडण आहे असं वाटतं, पण दोघेही एकच काम करतात. त्या बाईचं शरीर कधी भरून आलं आणि तिला काय हवं आहे, हे तिला विचारायचंच नाही, आपणच ठरवायचं. रागावणाऱ्याला तिचं बाळ तासभर सांभाळावं लागत नाही, आणि टाळ्या वाजवणाऱ्यालाही नाही. दोघांचंही फुकटात भागतं!

तर मग करायचं काय? फार मोठं काही नाही. घरात बाळंतीण असेल आणि तिला पळायचं असेल, तर सकाळचा एक तास बाळ घ्या, आणि परत आल्यावर "रडत होतं हो फार" असं सुनावू नका. बाळं रडतातच. बाळाच्या बापाने आपल्या जिमची वेळ बदलावी. तिला पळायचं नसेल, तर फोटो दाखवून "बघ ती कशी पळते" असं म्हणू नका. सहाव्या आठवड्याला डॉक्टरांकडे जाल तेव्हा टाके पाहून परत येऊ नका, ओटीपोटाच्या स्नायूंबद्दल विचारा, न लाजता. आणि आता गावोगावी शर्यती होतात, मुंबईची तर २००४ पासून चालू आहे, तेव्हा तुमच्यातले जे पळतात किंवा आयोजनात असतात त्यांनी आपापल्या शर्यतीला तीन प्रश्न जरूर विचारावेत. गरोदर बाईला प्रवेश पुढच्या वर्षी नेता येतो का? बाळाला पाजायला आडोशाची जागा आहे का? बायकांसाठी पुरेशी स्वच्छतागृहं आहेत का? उत्तर 'नाही' असेल, तर मंचावरून नारीशक्तीवर भाषण ठेवू नये, एवढी तरी लाज बाळगावी.

आणि भाचसुनेच्या बाबतीत ज्यांना अजून काळजी वाटते आहे त्यांच्यासाठी सांगते, ती दर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेसहाला निघते. बाळ तेव्हा जागं असतं. ज्यांना खरंच काळजी आहे त्यांनी सव्वासहाला हजर राहावं. चहा मी करीन.

असो. फार बोलले. पटलं नसेल त्यांनी जरूर भांडावं. फक्त भांडायच्या आधी घरातल्या एका तरी बाईला विचारून यावं, बाळंतपणानंतर तुला स्वतःसाठी पहिला तास कधी मिळाला होता? आकडा खाली लिहा. महिन्यांत नाही, वर्षांत लिहिलात तरी चालेल.