द्राक्षारस, वाइन आणि आपली मंडळी





आमच्या मंडळीत गेले काही रविवार उपासनेनंतरच्या चहाला एकच विषय आहे. तरुण संघाने नाशिकची सहल सुचवली आहे. शरणपूरची जुनी ख्रिस्ती वस्ती, गोदाकाठ आणि शेवटी एक वायनरी. पहिल्या दोन नावांवर कोणाचंच काही म्हणणं नाही. तिसऱ्या नावावर मात्र दोन तट पडले. महिला संघातल्या काकू विचारतात, "चर्चची सहल आणि दारूचा कारखाना?" मुलं म्हणतात, "काकू, काना गावच्या लग्नात प्रभूने काय केलं होतं?" मग काकू गप्प होतात, पण त्यांचं समाधान झालेलं नसतं. मुलंही जिंकल्यासारखी हसतात, पण प्रश्न तिथेच राहतो.

मी अशी एक वायनरी पाहून आलो आहे, म्हणून या वादात दोन शब्द बोलावेसे वाटतात. 

इंदूरहून नाशिक म्हणजे सरळ आग्रा-मुंबई रस्ता. मानपूरचा घाट, खलघाटला नर्मदा, मग सेंधवा, शिरपूर, धुळे, मालेगाव, चांदवड. सुमारे चारशे किलोमीटर. आम्ही घरचे चौघे फेब्रुवारीत गेलो, कारण वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च या दिवसांत चालते. आपल्याला नाशिकची द्राक्षं म्हणजे लांबट, हिरवी, बिनबियांची थॉमसन माहीत. वाइनची द्राक्षं निराळी. लहान गोल मणी, आत बिया, साल जाड. वेलीची छाटणी वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी. योहानाच्या शुभवर्तमानातला फाट्यांना छाटणारा माळी आपण लहानपणापासून ऐकतो. छाटलेली वेल डोळ्यांनी पाहिली की तो दाखला वेगळाच कळतो. एवढ्यासाठी तरी मुलांनी द्राक्षमळा पाहावाच.

या भागातली वाइन तशी जुनी नाही. राजीव सामंत यांच्या सुला कंपनीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या दोन पांढऱ्या जातींनी त्यांनी सुरुवात केली. महाराष्ट्र सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि मग नाशिकच्या आसपास वायनरी वाढत गेल्या.

पांढरी वाइन कशी होते ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्याकडे पुष्कळांना वाटतं की ती लाल वाइन पातळ करून करतात. तसं नाही. लाल वाइनमध्ये रस सालीसकट आंबवतात, रंग सालीतून उतरतो. पांढरीसाठी द्राक्षं आधी दाबून रस वेगळा काढतात आणि नुसता रस स्टीलच्या मोठ्या टाक्यांत थंड ठेवून आंबवतात. थंडपणामुळे वास टिकतो. साखरेची दारू करण्याचं काम यीस्ट करतं, तेच यीस्ट जे पावाचं पीठ फुगवतं. एका बाटलीला साधारण किलोभराहून थोडी जास्त द्राक्षं लागतात.

मग चव. आत जाण्याआधी वयाची खात्री करतात, कारण २१ वर्षांखालच्यांना वाइन देता येत नाही. समोर पाच पेले येतात, प्रत्येकात दोन घोट. पहिली सोव्हिन्यों ब्लां. तिला कच्च्या पेरूचा आणि ढोबळी मिरचीचा वास, जिभेवर आंबटपणा. आम्ही इंदूरकर, माझ्या बायकोचा पहिला शेरा, "हिच्याबरोबर शेव पाहिजे होती." आणि ते खरंही आहे, खारट-तळलेल्याबरोबर ही आंबट वाइन जमते. शेनिन ब्लां मऊ, पिकल्या अननसाची आठवण देणारी. व्हियोन्येला जर्दाळूचा वास. शेवटी उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन आली, ती मधासारखी. बाजूला एक भांडं ठेवलेलं असतं. चव घेऊन उरलेलं त्यात ओतायचं, वाटल्यास तोंडातलंही थुंकायचं. आमच्याबरोबर आलेल्या दहा-बारा जणांपैकी कोणीच ते भांडं वापरलं नाही. पैसे दिलेत ना भिया, मग सोडायचं कशाला!

इथे माझा पहिला मुद्दा. पाच पेले, प्रत्येकी तीस मिलिलिटर, म्हणजे दीडशे मिलिलिटर वाइन. तीत बारा टक्के मद्यार्क धरला तर अठरा मिलिलिटर शुद्ध मद्यार्क पोटात गेला. व्हिस्कीच्या बेचाळीस मिलिलिटरमध्ये साधारण तेवढाच असतो. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं तेव्हा "वाइन म्हणजे दारू नव्हे" असा युक्तिवाद पुष्कळ झाला. तो खोटा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं की मद्याचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. ज्याला चव घ्यायची त्याने घ्यावी, पण आपण दारूची चव घेतो आहोत हे स्वतःशी कबूल करून घ्यावी.

या गोंधळात आपल्या मराठी बायबलमधल्या एका गोड शब्दाचाही वाटा आहे. द्राक्षारस. हा शब्द ऐकला की सरबताचा पेला डोळ्यांसमोर येतो. पण नोहाने द्राक्षमळा लावला आणि पिऊन उघडा पडला तोही द्राक्षारसच, आणि पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडासा घ्यायला सांगितला तोही द्राक्षारसच. एकाच शब्दात औषधही आहे आणि लाजही. मंडळ्यांनी आपापल्या परीने यातून वाट काढली. कॅथलिक बांधवांच्या मिस्सात द्राक्षांची खरी वाइनच लागते. अमेरिकेत थॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्याने १८६९ मध्ये द्राक्षांचा रस तापवून तो आंबणार नाही अशी युक्ती काढली, ती प्रभुभोजनाच्या प्याल्यासाठीच. आपल्याकडे कित्येक ठिकाणी मनुका भिजवून, उकळून काम भागवतात. कुणाचीही श्रद्धा यामुळे कमी-जास्त होत नाही.

आता काना गाव. मुलांनो, तो दाखला तुम्ही देता, पण अर्धाच. सहा दगडी रांजण पाण्याचे भरले. भोजनकारभाऱ्याने चव घेऊन वाखाणणी केली. आपण सगळे चव घेताना त्या भोजनकारभाऱ्याच्या खुर्चीत बसतो. पण योहान मुद्दाम एक गोष्ट नोंदवतो. हा द्राक्षारस कुठून आला हे कारभाऱ्याला माहीत नव्हतं. ते माहीत होतं पाणी भरणाऱ्या चाकरांना.

वायनरीत मला हेच दिसलं. आम्हाला माहिती देणारा मुलगा हुशार होता, पेला कसा धरावा हे छान सांगत होता. पण सकाळी येताना रस्त्याकडेला कात्री आणि क्रेट घेऊन मळ्यात शिरणाऱ्या बायका आम्ही पाहिल्या होत्या. ऊन चढायच्या आत घड तोडायचे असतात. पेठ, सुरगाणा, दिंडोरी या तालुक्यांतून आदिवासी मजूर द्राक्षांच्या कामाला येतात. मी विचारलं, तोडणीला रोज काय मिळतो? तो गडबडला, म्हणाला, "सर, हा प्रश्न कोणी विचारत नाही." त्याला बोल लावत नाही. पण प्रभूने द्राक्षमळ्याचे इतके दाखले दिले, त्यांत वाइनच्या चवीवर एकही नाही. मालक बाजारात जातो, संध्याकाळपर्यंत काम न मिळालेल्यांनाही पूर्ण दिवसाचा रोज देतो. द्राक्षमळ्याचा हिशेब हा मजुरीचा हिशेब आहे. ख्रिस्ती माणसाने वायनरीत गेल्यावर हा प्रश्न विचारायचा नाही तर कोणी विचारायचा?

दुसरा मुद्दा नाजूक आहे, पण शेजारीही हे पान वाचतात म्हणूनच लिहितो. हिंदी सिनेमाने वर्षानुवर्षं ख्रिस्ती माणूस दाखवला तो हातात बाटली देऊन. नाताळ जवळ आला की ऑफिसात अजूनही विचारतात, "मग, पार्टी कधी?" त्यामागे प्रेम असतं हे मान्य. तरी सांगतो, आमच्यात कधीच थेंब न घेतलेली घरं कितीतरी आहेत. आणि दारूने मोडलेली घरंही आहेत, जशी तुमच्या आळीत आहेत तशीच.

त्या घरांविषयी आपण चर्चमध्ये बोलत नाही. पाळकसाहेब भेटीला येणार म्हटलं की बाटली कपाटामागे जाते, लग्नात मात्र हॉलच्या मागच्या बाजूला गाडीची डिकी उघडते. नाशिकजवळ गोदाकाठी जलालपूर आहे, लक्ष्मीबाई टिळकांचं जन्मगाव. सहलीत तेही घ्यावं असं मी सुचवतो. 'स्मृतिचित्रे' वाचताना पहिली जाणवते ती ही की बाईंनी घरातलं काही झाकलं नाही, वडिलांचं सोवळं नाही आणि नवऱ्याचा लहरीपणाही नाही, आणि तरी कोणाबद्दल कडवटपणा ठेवला नाही. घरातल्या दारूबद्दल आपल्याला असं बोलता आलं पाहिजे.

म्हणून माझं मत असं. सहल जावी. शरणपूर पाहावं, जिथे गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना आसरा आणि शिक्षण मिळालं आणि ज्यांच्यातले काही पुढे लिव्हिंगस्टनबरोबर गेले. द्राक्षमळा आणि वायनरीही सर्वांनी पाहावी. चव घेणं मात्र मंडळीच्या कार्यक्रमात नको. ते ज्याने-त्याने, वय बसत असेल तर, आपल्या खर्चाने आणि आपल्या जबाबदारीवर, नंतर कधीतरी करावं. कारण त्या बसमध्ये असा एखादा भाऊ असेल, ज्याने मोठ्या कष्टाने बाटली सोडली आहे. त्याच्यासमोर पाच पेले मांडून त्याला "फक्त वास घे" म्हणणं हे प्रीतीचं लक्षण नाही. आणि गाडी चालवणाऱ्याने तर तो वासही घेऊ नये.

आणखी एक. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या बैठकांना मंडळीने हॉल द्यावा, आठवड्यातून एक संध्याकाळ, विनाभाडे. कोण येतं-जातं हे कोणी पाहू नये. दार ख्रिस्ती-अख्रिस्ती सगळ्यांना उघडं असावं. सहलीला विरोध करणाऱ्या काकूंनी आणि सहल मागणाऱ्या मुलांनी मिळून एवढं केलं तर हा वाद सार्थकी लागेल. येत्या पंच कमिटीत मी हा ठराव मांडणार आहे. अनुमोदनाला कोणी तयार असेल तर रविवारी चहाच्या वेळी भेटावं.

आपला,
एक मंडळीकर, इंदूर