पुरावा आणि पुरावा देणारा

रहस्यकथा म्हणजे फावल्या वेळेची करमणूक, अशा समजुतीने शालेय ग्रंथालये तिला बहुधा दूरच ठेवतात. आम्हांस हे मान्य नाही. फ्रेंच लेखक गास्तों लरू यांची रूलताबीय ही कादंबरीमालिका आमच्या मताची साक्ष देईल.

वकिलीचे शिक्षण घेतलेले लरू 'ल मातँ' या दैनिकाचे न्यायालयीन वार्ताहर होते. १९०७ साली क्रमशः प्रसिद्ध झालेल्या 'पिवळ्या खोलीचे रहस्य' या पहिल्या कादंबरीत त्यांचा नायकही अठरा वर्षांचा वार्ताहरच आहे. आतून बंद असलेल्या खोलीत एका तरुणीवर प्राणघातक हल्ला होतो. नामांकित पोलीस अधिकारी पुरावे जुळवतो आणि तिचा नियोजित वर आरोपी ठरतो. रूलताबीय मात्र पुराव्याबरोबरच तो पुरावा मांडणाऱ्यालाही तपासतो आणि निरपराध माणूस वाचतो.

फ्रान्सच्या वाचकांना हा प्रश्न काल्पनिक वाटणे शक्य नव्हते. कॅप्टन ड्रेफस यांना १८९४ साली देशद्रोही ठरवले गेले. त्यांचे निर्दोषत्व मान्य होण्यास १९०६ साल उजाडले.

इतिहासाच्या अभ्यासाची रीतही हीच आहे. कागद कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, त्यातून कोणाचे हित साधले, हे विचारल्यावाचून तो प्रमाण मानता येत नाही. ही सवय केवळ पाठ्यपुस्तकातून लागत नाही. उत्कंठेने वाचलेल्या गोष्टीतून ती सहज अंगी बाणते. म्हणून माजी विद्यार्थ्यांस व पालकांस आमची विनंती आहे की, ग्रंथालयास भेट देताना एखादी उत्तम रहस्यकथाही अवश्य द्यावी.